करवतीची घडी

आमच्या घरी साड्यांची पेटी कधी उघडायची ते मोठीआई ठरवायची. पाऊस सरला, बांधावरच्या चिखलाला भेगा पडल्या, निसवलेल्या धानाने माना टाकल्या, की एखाद्या सकाळी ती अंगणात उभी राहून आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, "आज पेटी काढा व." पेटीला ऊन दाखवायचं असं नुसतं म्हणायचे. कोशाला, म्हणजे टसर रेशमाला, ऊन दाखवतच नाहीत, रंग उडतो आणि धागा तडतडीत होतो. पुढच्या सपरीत, म्हणजे पडवीत, सावलीला बाज टाकायची, तिच्यावर धुतलेलं धोतर अंथरायचं आणि त्यावर एकेक साडी उलगडून वाऱ्याला ठेवायची. मग पेटीतला जुना कडुनिंबाचा पाला झाडून टाकायचा, नवा घालायचा, लवंगा बदलायच्या आणि प्रत्येक साडीची घडी बदलून ती परत ठेवायची. गेल्या वर्षी तीन पदरी घातली असेल तर या वर्षी चार पदरी. मागे आत गेलेली बाजू आता बाहेर. एकाच रेषेवर साडी वर्षानुवर्षं दुमडून राहिली तर त्या रेषेवर मरते, असं मोठीआई म्हणायची. साडी फाटते असं ती कधी म्हणाली नाही. मरते, म्हणायची.

मोठीआई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको, आईची जाऊ. तिला मूल झालं नाही, त्यामुळे मला दोन आया मिळाल्या. शाळेतून आलं की एक विचारायची, "काय शिकलीस?" आणि दुसरी विचारायची, "काय खाल्लंस?" पोट भरलेलं असेल त्या दिवशी मी आईकडे जायची, नाहीतर मोठीआईकडे. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर पिकणारं आमचं गाव. घरात भात तीन वेळा. सणाला चिन्नोर तांदूळ शिजायला लागला की वास रस्त्यापर्यंत जायचा, आणि बाबा रस्त्यावरूनच सांगायचे की आज घरी कोणीतरी येणार आहे. पेटी काढायच्या दिवशी मात्र कोणी येणार नसलं तरी लाखोरीच्या डाळीचे वडे व्हायचे. सगळ्या बायका सकाळपासून सपरीत अडकलेल्या, म्हणून डाळ आदल्या दिवशीच भिजत पडलेली असायची. तेलाचे हात साड्यांना लागू नयेत म्हणून वडे तळणारी बाई वेगळी आणि घड्या घालणारी वेगळी. तळायची आई. घड्या मोठीआईच्या.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो आवाज. करवत साडी धुतली की काढायचा तो. करवत आमच्या या पूर्वेकडच्या भागातली साडी. अंग कोशाचं, काठ सुताचा, आणि काठ जिथे अंगाला भिडतो तिथे करवतीच्या दातांसारखे दात. ते दात विणायला तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि मधला अंगाचा एक, आणि मागावर एकट्याला ते पुरवत नाही, पलीकडे बसून धोटा झेलणारं कोणीतरी लागतं. धुतानाही तीच गत. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने बुचकळायची. पहिल्या धुण्याला काठाच्या लाल रंगासाठी मिठाचं पाणी. पिळायची नाही. सूत पाण्यात आटतं, कोसा आटत नाही, त्यामुळे काठ ओढला जातो आणि साडीभर चुण्या पडतात. म्हणून ओली असतानाच दोघींनी समोरासमोर उभं राहून दोन टोकं धरायची, ताणायची आणि एकदम झटका द्यायचा. फट्. अंगणात कबुतरं असली तर उडून जायची. आई आणि मोठीआई हे करताना बोलायच्या नाहीत, एकमेकींच्या खांद्याकडे बघायच्या. खांदा हलला की झटका.

नेसतानाही कोशाला माणूस लागतंच. नवा कोसा अंगावर बसत नाही, फुगून राहतो. एकीने निऱ्या घालायच्या, दुसरीने पायाशी बसून ओल्या तळव्याने त्या खाली ओढून बसवायच्या. पदरावरून दोघींची दरवेळी तीच थट्टा. गोंदियाच्या लग्नात सगळ्या सीधा पल्ला घेतात, मारवाड्यांच्या बायकांसारखा समोर पसरून. आईला तो आवडायचा. मोठीआई म्हणायची, "समोरून पदर, मांगून उघडी. बकरीच्या गऱ्यात फडकं बांधल्यावानी दिसून राहिली तू." आई म्हणायची, "बाई, तुमी डोरे मिटून घ्या."

आता त्या एका साडीचं सांगते.

मी बालवाडीत असताना एका वर्षी धान चांगलं झालं आणि बाबा मोहाडीकडच्या एका कोष्ट्याच्या मागावरून आईसाठी करवत घेऊन आले. वाळल्या तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या रंगाचं अंग आणि कुंकवासारखा लाल काठ. मागावरून उतरलेली, खळ न काढलेली, इतकी कडक की जमिनीवर ठेवली तर उभी राहील. आईने ती हातात घेतली, नाकाला लावली आणि सरळ मोठीआईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "बाई, घडी तुमी मोडा."

आमच्याकडे नवी साडी आपण स्वतः आधी नेसत नाही. जिच्यावर जीव आहे तिला देतो. ती एकदा नेसते, घडी मोडते आणि परत देते. मग ती साडी आपली. यात देणं-घेणं काही नाही. तुझ्या अंगावरून माझ्या अंगावर येऊ दे, एवढंच. शहरातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या म्हणतात, वापरलेली साडी? मी त्यांच्याशी वाद घालत नाही. आमच्या रीतीभातींवर मी भरपूर पत्रकं लिहिली आणि वाटली आहेत. या रीतीवर एकही लिहिलं नाही, कारण ही रीत चांगली आहे. तिच्यावर नंतर जे चढलं ते वाईट आहे.

मोठीआईने साडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता कामाचे दिवस आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले मोडीन. साऱ्या गावाले दाखवून मोडीन." आईने ती जुन्या मऊ धोतरात बांधून पेटीत तळाशी ठेवली.

संक्रांतीच्या आधी मोठे बाबा, मोठीआईचे यजमान, गेले. धानाच्या पोत्यांजवळ उभ्या उभ्या खाली बसले आणि उठलेच नाहीत. त्यानंतर मोठीआईचं जे केलं ते सगळं बायकांनीच केलं. कुंकू पुसणारी बाई, बांगड्या फोडणारी बाई, आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर धरून रडणारीही बाईच. मी दारात उभी होते, मला कोणी आत ओढलं नाही की बाहेर काढलं नाही. लाल काचा जमिनीवर पडलेल्या होत्या आणि आई त्या वेचत होती, माझ्या पायात जातील म्हणून.

मग आईची आई आली, महिनाभर राहिली. तिने आईला मागच्या दारी बसवून सांगितलं. मी तिथेच तांदळातले खडे निवडत होते, म्हणजे खडे खेळायला जमवत होते. "ते करवत तिले देजो नोको आता. इधवा बाईच्या अंगावरून आलेला लुगडा तू नेसशील, अन् मंग तुह्या नवऱ्याचं काही झालं त कोनाले पुसशील?" आई म्हणाली, "मी त देतो म्हणून बसली." आजी म्हणाली, "मंग दुसऱ्या कोनाले दे. साऱ्या गावात सवाष्णी नाहीत काय?"

आईने हे दोन्ही केलं नाही. मोठीआईला साडी दिली नाही, कारण ती घाबरली. दुसरीलाही दिली नाही, कारण तिला लाज वाटली. शब्द दिला होता ना. कोणी विचारलं की ती म्हणायची, "राहून राहिली." ही आमची बोली आहे, जाऊन राहिलो, खाऊन राहिलो, तशी. साडी राहून राहिली. पुढे मी बायकांच्या संघटनेत गेले, तिथल्या पुण्याच्या ताई पहिल्यांदा हे ऐकून हसल्या होत्या, एकच क्रियापद दोनदा कशाला म्हणून. मी म्हटलं, ताई, काही गोष्टी दोनदाच राहतात.

आमच्या घरात दुष्ट कोणी नव्हतं. मोठीआईचं जेवण कधी वेगळं वाढलं गेलं नाही, तिचा शब्द घरात आधीसारखाच चालायचा. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र ती सकाळीच नेमाने कापूस निवडायला शेजारी जायची आणि सगळ्या बायका गेल्या की परत यायची. जा असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. थांब असंही कोणी म्हटलं नाही. ज्या घराच्या जुन्या माणसांनी गावाच्या तलावाची पाळ बांधली म्हणून छाती पुढे काढून सांगतात, त्या घराला एका साडीची घडी मोडता आली नाही.

आणि दर वर्षी पाऊस सरला की पेटी निघायची. मोठीआई सगळ्या साड्या उलगडायची. आईच्या लग्नातली, माझ्या बारशातली, स्वतःची जुनी हिरवी करवत, जी ती आता नेसत नसे पण जिची घडी न चुकता बदलायची. तळाशी धोतरातलं ते गाठोडं. ते ती दोन्ही हातांनी उचलायची, खालचा पाला झाडायची, गाठीत नव्या लवंगा खोचायची आणि तसंच परत ठेवायची. उलगडायची नाही. उलगडली की घडी मोडलीच. वडे तळता तळता आई तिकडे बघायची नाही. मी बघायची. दोघी पाठ करून बसल्या असल्या तरी दोघींना कळायचं की गाठोडं आता हातात आहे, कारण तेवढा वेळ मोठीआई बोलायची थांबायची.

मी गोंदियाला कॉलेजात गेले, कुडव्यात खोली घेतली, संघटनेत शिरले. तिथे पत्रक लिहायला शिकले. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत दोषी, शेवटी काय करायचं ते. चौथ्या ओळीच्या पुढे कोणी वाचत नाही, हे पहिलं शिक्षण. त्या वर्षी आम्ही विधवा बायकांच्या हळदीकुंकवाचं पत्रक काढलं होतं आणि दिवाळीच्या सुट्टीत मी एक गठ्ठा गावात वाटायला घेऊन आले. नेमका पेटी काढायचा दिवस. गठ्ठा मी सपरीत बाजेवर ठेवला तशी मोठीआई म्हणाली, "तुहे कागद उचल तिथून. शाई लागन साडीले."

दुपारी जेवायला बसलो. लाखोरीचे वडे, वांग्याची भाजी, आणि बाबांसाठी बोदलकशाच्या तलावातल्या मासोळ्यांचा रस्सा, जो सकाळी एक ढिवर देऊन गेला होता. साड्या सपरीत अजून वाऱ्याला होत्या, गाठोडं एका कोपऱ्यात. बाबा हा कमी बोलणारा माणूस. पावसाचं बोलणार, बांधाचं बोलणार, बाकी जेवणार. त्या दिवशी भातावर रस्सा ओतता ओतता सपरीकडे बघून म्हणाले, "मी एक करवत आनली होती व. लाल काठाची. ते दिसून नाही राहिली."

आई म्हणाली, "आहे."

"आहे त नेसत काऊन नाहीस? आनली तवापासून अंगावर पायलीच नाही."

आईने वड्यांचं ताट पुढे सरकवलं. मोठीआईने पाण्याचा लोटा उगाच उचलून खाली ठेवला. आणि मी सांगून टाकलं. आवाज चढवून नाही. आई मोठीआईला घडी मोडायला देणार होती, मोठे बाबा गेले, आजीने आईला असं असं सांगितलं, म्हणून ती साडी तेव्हापासून बांधलेली आहे. तुम्ही मरू नये म्हणून, बाबा.

बाबांचा घास हातात राहिला. ते आईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माह्यासाठी?"

त्यांनी एकेकीकडे बघितलं.

"मले पुसलं काय कोणी?"

आई म्हणाली, "असं पुसतेत काय."

"काऊन नाही पुसत? मरनार मी. वारा घालू का नोको, रस्सा वाढू का नोको, सारं पुसतेस." त्यांनी घास खाल्ला, चावला, आणि मोठीआईकडे वळले. "वहिनी, तुमी नेसा ते. आज नेसा. मी इथंच बसून राहतो. पायतो मरतो काय."

"जेवा आधी भाऊजी," मोठीआई म्हणाली. "भात थंडा होऊन राहिला."

आम्ही जेवलो. कसे जेवलो ते नका विचारू. ताटं उचलल्यावर मोठीआई हात धुऊन, राखेने घासून, पुन्हा धुऊन, पदराला पुसून सपरीत आली. पण गाठोड्याला हात लावला नाही. आईच्या समोर उभी राहून म्हणाली, "त्यानं म्हटल्यानं काय होते वनिता. साडी तुही आहे. तू म्हन."

तेवढंच राहिलं होतं. बाबा बोलले होते, मी बोलले होते, बाजेवर आख्खा गठ्ठा छापून पडला होता. आईने म्हटलं नसतं तर मोठीआईने ते गाठोडं परत तळाशी ठेवलं असतं, लवंगा बदलून. आई बाबांकडे बघत होती. खरोखर बघत होती, त्यांचा चेहरा, छाती, पायाची भेगाळलेली बोटं, जणू आत्ता कुठे काही दुखतंय का ते तिला तिथूनच कळणार होतं. मला तिचा फार राग आला. आता ते आठवतं तेव्हा रागाच्या खाली दुसरंही काही येतं. ती एका माणसाला जिवंत ठेवायचा प्रयत्न करत होती, जवळ होतं त्या एकाच साधनाने.

मग ती म्हणाली, "बाई, घडी मोडा."

मोठीआईने धोतराची गाठ सोडली. लवंगा गळून पडल्या. साडीचा रंग तसाच होता, तणसाचा, काठ अजून कुंकवासारखा. तिने पहिली दुमड उलगडली तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज आला. दुसरी उलगडताना तिची बोटं आरपार गेली. फाटायला जोर लावावा लागला नाही. दुमडीच्या रेषेवर कोसा होताच कुठे, नुसता कोशाचा आकार होता. तिसरी दुमड, चौथी दुमड, सगळीकडे तेच. सुताचे काठ मात्र जिथल्या तिथे होते, दोन्ही बाजूंना, लांबच लांब, आणि मधलं अंग त्यांना पट्ट्या पट्ट्यांनी लटकलेलं.

आई म्हणाली, "उंदीर?"

"उंदीर नाही व," मोठीआई म्हणाली. "खळ. कसर लागली खळीले. अन् एकच घडी."

खळ पहिल्या धुण्यात जाते. पहिलं धुणं घडी मोडल्यावर होतं. हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि दर वर्षी त्या गाठोड्याखालचा पाला बदलणारे हातही तिचेच.

मला वाटलं, आता ती गुंडाळून ठेवेल. ती उभी राहिली. अंगावरच्या फिक्या साडीवरूनच तिने ती करवत नेसायला घेतली. एक काठ कंबरेला, दुसरा पायाशी, मधल्या पट्ट्या हाताने सावरत. निऱ्या घातल्या आणि थांबली. आई ते ओळखून पुढे आली, पायाशी बसली आणि तळवा ओला करून निऱ्या बसवायला लागली. निऱ्या तिच्या हातात येत होत्या. अक्षरशः हातात येत होत्या, तुकडे. ती ते तुकडे बाजूला ठेवायची आणि पुढची निरी ओढायची. मोठीआईने पदर घेतला, सीधा पल्ला, समोरून, आईला आवडायचा तसा. तिला मी सीधा पल्ल्यात कधी पाहिलं नव्हतं.

"कशी दिसून राहिली?" तिने विचारलं.

आईने वर बघितलं. "बकरीवानी," आई म्हणाली, आणि मग तिचं तोंड वाकडं झालं.

मोठीआई सपरीतून अंगणात उतरली, तुळशीपर्यंत गेली, परत आली. एका मुठीत निऱ्या, दुसऱ्या मुठीत पदर, सुटू नये म्हणून. बाबा उठून उभे राहिले होते. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिने साडी उतरवली, काठाला काठ लावून जमेल तशी गोळा केली आणि आईच्या हातात दिली. "घे. मोडली घडी. आता तू नेस."

आणि आई नेसली. मी म्हटलं, आई, काय करतेस. तिने ऐकलं नाही. त्या फाटक्या करवतीत ती दिवेलागणीपर्यंत घरात वावरली. पेटीत साड्या भरल्या, बैलांना तणस टाकलं, भात वाढला. प्रत्येक हालचालीला अंगावरून काहीतरी सुटून पडत होतं. मोठीआई मागून ते उचलत होती. बाबा जेवले, हात धुतला आणि म्हणाले, "बरं झालं." काय बरं झालं ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोठीआई ओट्यावर लाखोरीची डाळ पाखडत होती. मी तिच्याशेजारी बसून म्हटलं, मी यावर पत्रक लिहिणार.

"लिव. कोनाचं नाव लिवशील?"

मी आजीचं नाव घेतलं.

"ते त मेली."

"मग आईचं."

"तुह्या मायचं लिवशील त माहं बी लिव. मी दरसाल हातात घेत होती. सारं माहीत होतं मले, खळ काय करते, दुमड काय करते. तू इस्कुलात, तुही माय वावरात, घरात कोनी नाही. एक डाव उलटी करून ठेवली असती त कोनाले समजलं असतं?"

"मग काऊन नाही ठेवलीस?"

तिने सूप हलवायचं थांबवलं. "मले चोरून नव्हती मोडाची," ती म्हणाली. "मले नेसून मोडाची होती. तिनं म्हटल्यावर." मग परत पाखडायला लागली. "मी वाट पायली, तुह्या मायनं बी वाट पायली. साडीनं काऊन पाहावं?"

ते पत्रक मी लिहिलं नाही. चार ओळींत बसेना. पण दोषी कोणी नव्हतं असं मी म्हणणार नाही, आजही नाही. एका बाईच्या कपाळावर कुंकू आहे की नाही यावरून तिचा स्पर्श कोणाच्या नवऱ्याला मारतो, हे कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं असेल, आणि त्यानंतर प्रत्येकीने ते पुढच्या बाईच्या कानात घातलं, मागच्या दारी बसून, मायेने. मायेने घातलं म्हणून विष कमी होत नाही. त्या दोघी जावांसारखा जीव मी दुसऱ्या कोणत्या दोन माणसांत पाहिलेला नाही, आणि त्यांनी आपली बरीच वर्षं एका गाठोड्याच्या दोन बाजूंना बसून घालवली.

त्यानंतर आई कोणतीही नवी साडी मोठीआईच्या आधी अंगाला लावेना. तिरोड्याच्या बाजारातली नायलॉनची असली तरी. हळदीकुंकवालाही तिने मोठीआईचा हात धरून तिला घरात बसवलं. काही बायका आल्या नाहीत, आई त्यांच्या घरी पुन्हा गेली नाही. मोठीआई हसून घड्या मोडायची, म्हणायची, "आन व, आज काय मोडाचं आहे?" पण करवत घ्यायचं बाबांनी दोनदा काढलं तेव्हा दोन्ही वेळा तीच नको म्हणाली. "नायलॉन बरी," म्हणाली. "तिले काही होत नाही."

मोठीआई गेली त्याला आता काही वर्षं झाली. झोपेतच गेली. तिच्या पेटीत तिची हिरवी करवत होती, घडी त्याच वर्षी बदललेली. त्या लाल साडीचा एक काठ माझ्याकडे कुडव्याच्या खोलीत आहे. पिशवीचा बंद करावा म्हणून आणला होता, केला नाही. त्याचे दात अजून धारदार आहेत.

बाबा धडधाकट आहेत. सकाळी बांधावर जातात, गुडघा दुखतो म्हणतात आणि तरी जातात.

मागच्या पावसाळ्यानंतर मी घरी गेले तेव्हा आई ती हिरवी करवत धूत होती. रिठ्याचं पाणी, मग साधं पाणी, पिळली नाही. अंगणात आली आणि एक टोक तिने सपरीच्या खांबाला बांधलं, दुसरं स्वतः धरून ताणलं. झटका दिला. खांब कसा झटका देणार. आवाज आलाच नाही, काठाच्या चुण्या तशाच राहिल्या. बाबा बाजेवर बसून बघत होते. उठले, जवळ गेले, म्हणाले, "आन, मी धरतो."

"नोको," आई म्हणाली. तिने गाठ सोडली आणि साडी परत पाण्यात घातली. "तुमाले खांदा पायता येत नाही."